एकतीस शतांश सेकंद

माझे वडील बापू आवटी यांनी कुस्तीचा एकही फोटो कधी वाया घालवला नाही. ही पोरीची बढाई समजू नका. विट्यातल्या आमच्या स्टुडिओची भिंत येऊन बघा. तिथे साठेक फोटो आहेत आणि प्रत्येकात एक पैलवान चीत पडलेला आहे, दोन्ही खांदे मातीत. बापू आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसायचे आणि कुस्ती निकाली होईपर्यंत बटणाला बोट लावायचे नाहीत. कुस्ती सुटली, बरोबरीत गेली, तर कॅमेरा तसाच खांद्याला अडकवून घरी यायचे. "पाठ टेकल्याशिवाय फोटो न्हाई," म्हणायचे. चाळीस वर्षांत अकरा हजार फोटो, आणि अकरा हजार पाडाव.

मी त्यांची थोरली, पद्मजा. मला इतका धीर नाही. माझा कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम घेतो आणि मी बोट दाबूनच ठेवते. पुढचं काम चाळण करते.

चाळण ही पुण्यातल्या तीन पोरींनी केलेली प्रणाली. २०३६ साली मी ती घेतली आणि माझं आयुष्य सुधारलं, यात शंका नाही. पूर्वी एका लग्नाचे सहा हजार फोटो निघायचे. त्यातले चारशे निवडायला, रंग सुधारायला, मांडायला मला दहा दिवस लागायचे, आणि नवरीची आई रोज सकाळी फोन करायची. आता दुसरी पंगत उठायच्या आत अल्बम तयार असतो. जिल्ह्यात माझ्याइतकं झटपट काम कुणी करत नाही, हे मी सांगते आणि माझे वैरीही सांगतात.

ती काम कसं करते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चाळण आधी फ्रेमा पाखडते. हललेल्या, अंधाऱ्या, डोळे मिटलेल्या बाजूला काढते. मग उरलेल्या फ्रेमांचे बारीक बारीक तुकडे करते आणि प्रत्येक जागेसाठी सगळ्यात चांगला तुकडा उचलते. नवऱ्याचे डोळे या फ्रेममधले, नवरीचं हसू तिच्या पुढच्या फ्रेममधलं, मामाचा फेटा तिसऱ्याच. हे सगळं जोडून एक फोटो होतो आणि सांधा कुठेही दिसत नाही. आता 'चांगलं' म्हणजे काय, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. तुम्ही आपले जुने फोटो त्याला दाखवायचे. त्या सगळ्यांत जे सारखं आहे ते शोधून, नवा फोटो ते त्याच्या जवळ नेतं. खानापूरच्या एका लग्नात दिवसभर तोंड पाडून बसलेली वरमाय अल्बममध्ये पानोपानी हसत होती. घरचे खूश, मी खूश, ती स्वतःसुद्धा खूश.

कुस्तीसाठी मी चाळणीला बापूंचे अकरा हजार फोटो दाखवले. त्या शैलीला नाव दिलं 'आवटी'. मला फार अभिमान वाटला होता. बापूंची नजर आता कधी मरणार नाही, असं मी रोहिणीला म्हणालेही होते.

रोहिणी माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा शिवतेज, वय एकवीस, वजन ब्याण्णव किलो. पोरगा लहानपणी माझ्या डार्करूममध्ये झोपायचा, कारण तिथे थंड असायचं. तिथूनच उठून तालमीत जायचा. मला मूलबाळ नाही. शिवतेज आहे.

त्या वर्षी मातीवरच्या कुस्तीची पहिली आशियाई स्पर्धा ताश्कंदला होती. आपल्या भागातून एकच पैलवान जाणार होता, आणि तो ठरणार होता भैरववाडीच्या जत्रेतल्या शेवटच्या जोडीवर: शिवतेज विरुद्ध औंधचा तौफिक मुलाणी. जत्रा कमिटीनं दोन वर्षांपूर्वी नियम केला होता की वाद झाला तर अधिकृत छायाचित्र हेच शेवटचं प्रमाण. अधिकृत छायाचित्रकार मी. भाच्याच्या कुस्तीला मावशीचा फोटो कसा, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. आवटींच्या फोटोवर कुणी शंका घेत नाही, आमच्याकडे तसा रिवाजच आहे.

कुस्ती बावीस मिनिटं चालली. हलगी कडकडत होती. पूजेच्या वेळी कापून टाकलेली लिंबं, हळद, ताक यांनी माती नुसती घमघमत होती. बाविसाव्या मिनिटाला शिवतेजनं घिस्सा डाव मारला, तौफिक खाली आला, मानेचा पूल करून वळला, दोघं लोळले आणि माती उडाली. मैदान उठून उभं राहिलं. पंच हिंदुराव माने गुडघ्यावर बसले होते. त्यांनी हात अर्धा वर केला आणि तसाच थांबवला. तौफिकचे वस्ताद ओरडत आत आले. कडेच्या हजार मोबाईलांत पुढच्या माणसाच्या डोक्याशिवाय काही आलं नव्हतं. आत कॅमेरा माझाच होता.

चार मिनिटांत फोटो मैदानातल्या मोठ्या पडद्यावर गेला. तौफिकचे दोन्ही खांदे मातीत, वर शिवतेजची छाती, दोघांच्या अंगावर ऊन. काय फोटो होता! बापूंनी पाहिला असता तर माझ्या पाठीवर थाप मारली असती. तौफिकनं पडद्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि शिवतेजचा हात स्वतः वर केला. गदा आमच्या घरी आली.

नंतर चाळणीनं नेहमीप्रमाणे विचारलं: मूळ फ्रेमा ठेवू का? मी नेहमीप्रमाणे 'नको' दाबलं. दिवसाला लाखभर फ्रेमा कोण साठवत बसणार?

अकरा दिवसांनी मी त्याच फोटोचा फ्लेक्स करायला घेतला. ताश्कंदला निघायच्या दिवशी एसटी स्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लावायचं गावानं ठरवलं होतं. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं, मी फोटो मोठा करून कोपरान्‌कोपरा तपासत होते. तौफिकच्या डाव्या कानाच्या वर हवेत लिंबाची एक फोड होती. पायानं उडालेली, कडेला कुंकू लागलेली, एक बी बाहेर लोंबणारी. छान, म्हटलं. मग उजव्या कोपराशी आले. तिथे मातीत एक फोड पडली होती. कडेला कुंकू, एक बी बाहेर लोंबणारी.

एकच फोड एका फोटोत दोन जागी.

जोडलेले फोटो मी रोज विकते, त्यामुळे फोटो जोडलेला आहे याचं मला नवल नव्हतं. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. चाळण मूळ फ्रेमा पुसते, पण प्रत्येक ठिपका कोणत्या क्षणी घेतला त्याची नोंद पुसत नाही. कायद्यानंच तिला ती ठेवावी लागते. ती नोंद रंगांत बघता येते: आधीचा क्षण निळा, नंतरचा तांबडा. मी तीन वर्षांत तो काळनकाशा एकदाही उघडला नव्हता. लग्नात कोण उघडतं?

उघडला. तौफिकचा उजवा खांदा निळा होता. डावा खांदा तांबडा. दोन्हींच्या मध्ये एकतीस शतांश सेकंदाचं अंतर. कुस्तीत चीत म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत. त्याचा उजवा टेकला होता, तो वळला तसा उचलला गेला, आणि मग डावा टेकला. लोळताना कुणाचेही टेकतात. तौफिक मुलाणी त्या दिवशी पडलाच नव्हता.

चाळणीनं असं का केलं, हे शोधायला मला संध्याकाळपर्यंतचाही वेळ लागला नाही. मान वर केली आणि समोरच्या भिंतीवर उत्तर टांगलेलं होतं. साठ फोटो, साठ चीत पैलवान. सुटलेली कुस्ती बापूंनी कधी काढलीच नाही. खांदा उचलून निसटलेला गडी त्या अकरा हजारांत एकही नव्हता. चाळणीच्या लेखी कुस्तीच्या चांगल्या फोटोत खालच्याचे दोन्ही खांदे मातीत असतात, बस्स. तिला माझ्या दोनशे फ्रेमांत एक टेकलेला उजवा सापडला, एक टेकलेला डावा सापडला. तिनं मन लावून जोडले. शिकवल्याप्रमाणे केलं तिनं. शिकवलं मी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोहिणीकडे गेले. ती शिवतेजसाठी बदामाची भुकटी करत होती. तिकडे काय खायला मिळतं कोण जाणे. मी टेबलावर काळनकाशा ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं मिक्सर बंद केला नाही. शेवटी मीच केला.

"कुणी तक्रार केलीया का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तौफिक काय बोलला?"

"तोही नाही."

"मग तुला गं काय झालंय अक्का? फोटो तूच काढलास, गावाला तूच दाखवलास. पेढे वाटले आम्ही. आता निघायला नऊ दिवस राहिल्यात आन्‌ तू लिंबाची फोड घिऊन आलीयास."

"रोहिणी, तो पडला नव्हता."

"पंचाला दिसलं न्हाई, हजार माणसाला दिसलं न्हाई. एकतीस का काय ते तुला एकटीला दिसलं. मिटव की डोळं! येवढी लग्नं करतीस, वरमाया हसवतीस, तवा न्हाई तुला खरं-खोटं आठवत?"

हे मला लागलं, कारण खरं होतं. मी म्हणाले, "वरमाय हसली म्हणून दुसऱ्या कुणाला रडावं लागत नाही. इथं एका पोराची जागा गेलीय."

"आन्‌ आता माझ्या पोराची घालव." तिनं मिक्सर परत सुरू केला. मी उठले.

शिवतेज तालमीत हौद्यातली माती उकरत होता. एकटाच होता. मी कडेला बसले, बापू बसायचे तशी, आणि मोबाईलचा पडदा त्याच्यापुढे धरला. काही समजावून सांगायची वेळच आली नाही. निळा खांदा आणि तांबडा खांदा बघून त्यानं फावडं खाली ठेवलं.

"मला म्हाईत हुतं, मावशी."

"काय माहीत होतं?"

"हाताला कळतं की. खांदा टेकला की खालनं माती धक्का देती. उजव्या खांद्याचा आला धक्का. मग डाव्याचा आला. दोन्हींचा संगं न्हाई आला." त्यानं दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले, जणू ते अजून तिथे लिहिलेलं होतं. "मी सांगणारच हुतो हिंदुराव काकांना. तोंड उघडलंवतं. तेवढ्यात पडद्यावर तुझा फोटो आला."

"मग?"

"मग काय? आवटींचा फोटो. आजोबाची अख्खी भिंत बघत मोठा झालोय मी. म्हटलं, फोटो कसा चुकंल, माझाच हात चुकला असंल."

तो पुढे म्हणाला, "तवापासनं कुस्ती लागंना झालीया. समोरच्याला धरलं तरी वाटतं, धरलंय का खरंच? परवा चौदा वर्साच्या पोरानं पाडलं मला. आईला सांगितलं न्हाई."

गदा चुकून आली म्हणून मी आधीच ओशाळले होते. पण मी पोराचा हात त्याच्यापासून काढून घेतला, हे ऐकून मात्र मला रडू आलं आणि मी रडले. तो बिचारा मातीच्या हातांनी माझे डोळे पुसायला आला आणि माझं तोंड लाल करून बसला. त्यावर दोघंही हसलो.

"चल," मी म्हणाले, "औंधला जाऊ."

तौफिक घरामागे म्हशी धूत होता. अकरा दिवस, म्हणजे आता बारा, तो आखाड्यात गेला नव्हता. त्याला मी नकाशा दाखवला तेव्हा तो आत बघून मोठ्यानं ओरडला, "अम्मी! ये बाहेर! आता म्हण मला पुन्हा भ्रम झालाय म्हणून!" त्याची आई पदराला हात पुसत आली. "रोज पाठ दाखवतोय ओ मला," ती मला म्हणाली. "रोज विचारतोय, अम्मी, हितं लागलीया का माती? बारा दिवस झालं, पाठीवर काय सापडणार हाय?"

तौफिक शिवतेजकडे वळला. आवाज चढलेलाच होता. "तुला कळलं न्हवतं?"

"कळलं हुतं," शिवतेज म्हणाला.

"मग?"

"तुलाबी कळलं हुतं. तू का हात वर केलास माझा?"

तौफिकनं माझ्याकडे बघितलं. चहा मात्र पाजला.

कमिटीचं काम अवघड जाईल असं वाटलं होतं आणि तसंच झालं. अध्यक्ष म्हणाले, निकाल लागला, नावं कळवली, नियमाप्रमाणे छायाचित्र हे शेवटचं प्रमाण. हिंदुराव पंच कोपऱ्यात बसून फेट्याचा शेमला चाळवत होते.

"नियम मला मान्य आहे," मी म्हणाले. "तुमच्या नियमात छायाचित्र म्हटलंय. छायाचित्र एका क्षणाचं असतं. हे दोन क्षणांचं आहे. अधिकृत छायाचित्रकार म्हणून मी लिहून देते की त्या कुस्तीचं छायाचित्र नाही. तुम्ही ताश्कंदला नाव पाठवलंत तर हा नकाशा मी त्याच मोठ्या पडद्यावर लावीन. माझाच फोटो, माझीच चूक, सांगायला मला लाज वाटणार नाही."

"अहो पण तुमचा सख्खा भाचा..."

"तो बाहेर उभा आहे. विचारा त्याला."

हिंदुराव तेव्हा उठले. "मी हात अर्धाच वर केलावता," ते म्हणाले. "उरलेला अर्धा फोटोनं केला. शुक्रवारी जोड पुन्हा लावा."

शुक्रवारी चार वाजता भैरववाडीत जत्रेला होती त्याच्या दुप्पट माणसं होती. रोहिणी आली होती, पण माझ्यापासून लांब, बायकांच्या बाजूला बसली. मी कडेला मांडी घातली. कॅमेरा तोच होता आणि चाळणही तीच. मी काही बापूंचा जुना कॅमेरा शोधून काढला नाही, असली नाटकं मला जमत नाहीत. जोडणी बंद केली होती आणि प्रत्येक फ्रेम ठेवायला सांगितलं होतं. मोठा पडदा काळा ठेवला होता.

खडाखडी लांबली. सोळाव्या मिनिटाला शिवतेजनं परत तोच घिस्सा मारला. तौफिक परत तसाच खाली आला. माती उडाली, मैदान उठलं, हलगी फुटायला आली, आणि या वेळी हिंदुरावांनी हात सरळ वर नेला. कुणीतरी फेटा उडवला. मला वाटलं, झालं, पोरगं खरोखर जिंकलं.

शिवतेज तौफिकच्या छातीवर होता. त्यानं मान वर करून हिंदुरावांकडे बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई टेकला, काका. डावा वर हाय."

हिंदुरावांनी खाली वाकून हात घातला. डाव्या खांद्याखाली त्यांची चार बोटं गेली. त्यांनी वर नेलेला हात खाली घेतला. काळ्या पडद्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

कुस्ती पुढे एकोणीस मिनिटं चालली आणि पस्तिसाव्या मिनिटाला तौफिकनं शिवतेजला चीत केलं. स्वच्छ, दोन्ही खांदे एकदम. शिवतेज पडल्या पडल्याच म्हणाला, "टेकली," आणि हसला. ताश्कंदला तौफिक गेला. तिसरा आला. शिवतेज दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत होता आणि त्या चौदा वर्षांच्या पोरानं माझ्याकडे तक्रार केली की दादा आता धरला की सोडतच नाही.

आठवड्यानं रोहिणी स्टुडिओत आली. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मी शुक्रवारच्या फ्रेमा बघत होते. चाळणीनं निवड करून ठेवली होती. सगळ्यात वर तौफिकचा विजय होता, अगदी बापूंच्या पद्धतीचा. बाद फ्रेमांच्या ढिगात एक होती: शिवतेज छातीवर, मान वर, अर्धवट हललेली, तोंड उघडं, तौफिकचा डावा खांदा मातीपासून चार बोटं वर, आणि हिंदुरावांचा हात परत खाली येताना. त्यात कुणीच पडलेलं नव्हतं. खाली चाळणीनं लिहिलं होतं: चेहरा हललेला, निकाल दिसत नाही, 'आवटी' शैलीशी जुळत नाही. पुसून टाकू का?

रोहिणी किती तरी वेळ त्या फ्रेमकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच 'नको' दाबलं.

"मोठा कर," ती म्हणाली. "बापूंच्या भिंतीवर लावायचाय."